60 लाखांच्या गाडीत पाठ का दुखते?

गेल्या वर्षी ताई आणि भाऊजींनी नवी गाडी घ्यायचं ठरवलं. दोघंही पन्नाशी ओलांडलेले, घराचे हप्ते फिटलेले. आयुष्यभर साध्या गाड्या चालवल्या, आता एकदा मनासारखी घेऊ, असं भाऊजींचं म्हणणं. बजेट 60 ते 70 लाख. गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून शोरूमच्या फेऱ्यांना मलाही सोबत नेलं. पुण्यात बाणेरच्या एका शोरूममध्ये ताई ड्रायव्हरच्या सीटवर बसली, दार ओढून घेतलं आणि लगेच म्हणाली, "अरे, किती मऊ आहे रे!"

पुढच्या रविवारी तीच गाडी आम्ही मुद्दाम लांब नेली. चांदणी चौकातून पिरंगुट, पौड आणि परत. गाडी ताईच चालवत होती. परत आल्यावर उतरताना तिचा एक हात कमरेवर आणि दुसरा मानेवर. मांड्या बधीर झाल्यात, म्हणाली. मान कोणीतरी मागून ढकलत असल्यासारखी वाटतेय. आणि मग जे विचारलं ते मला आजवर कितीतरी जणांनी विचारलंय: "एवढे पैसे मोजायचे आणि सीट अशी?"

या प्रश्नाचं खरं उत्तर एका वाक्यात मावत नाही. पण सुरुवात इथून करायला हवी, की सीटवर बसल्यावर वाटणारा आराम आणि सीटमुळे होणारा त्रास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक वाढला की दुसरा आपोआप कमी होतो, असं नसतं. 1996 साली झँग, हेलँडर आणि ड्रुरी या संशोधकांनी बसण्याबद्दल लोकांना काय काय वाटतं याचा अभ्यास केला, तेव्हा हेच पुढे आलं. आराम म्हणताना लोकांच्या मनात मऊपणा, निवांतपणा, देखणेपणा, ऐसपैसपणा असतो. त्रास म्हणताना मात्र दुखणं, अवघडणं, बधिरपणा, थकवा. पहिली भावना बसल्याबसल्या येते. दुसरी वेळ घेते, अर्धा तास, तास, दोन तास. शोरूममध्ये आपण पहिलीचीच परीक्षा घेतो. चामड्याचा वास, टाक्यांची रेघ, एसीचा गारवा हे सगळं मिळून "वा!" म्हणायला लावतं. दुसरी परीक्षा रस्ता घेतो, आणि तोवर चेक वटलेला असतो.

आता सीटच्या आत काय असतं ते बघू. पोलादी सांगाडा, त्यावर ताणलेल्या स्प्रिंगच्या तारांची जाळी, त्यावर साच्यात ओतून घडवलेला पॉलियुरेथेनचा फोम आणि वर कव्हर. महागड्या गाडीत फोम आणि कव्हर यांच्या मधे आणखी गर्दी असते: गरम करणारी चटई, हवा खेळवणारे पंखे आणि त्यांच्या वाटा, सीटवर माणूस बसलाय का हे ओळखणारा सेन्सर. वरून मऊपणाचा पातळ थर देऊन पहिला स्पर्श गोड करता येतो. पण खालचा फोम तुमचं वजन किती वेळ आणि कुठे पेलतो, हे त्या स्पर्शात कळत नाही. नवी कापसाची गादी पहिल्या रात्री ढगासारखी वाटते आणि पहाटे पाठ फरशीला टेकते, तसंच हे.

बसल्या जागी एक करून बघा. दोन्ही हात उताणे करून बसणीखाली घाला. दोन टणक उंचवटे तळहातांना लागतील. ही बैठकीची हाडं. वरच्या धडाचा बराचसा भार निसर्गानेच त्यांच्यावर टाकलेला आहे आणि तो त्यांना पेलतो. चांगली सीट हा भार तिथेच राहू देते आणि आजूबाजूला हळूहळू कमी होत जाणारा आधार देते. फार मऊ सीटमध्ये ही हाडं खोल रुततात, मग भार मांड्यांवर आणि कुल्ह्यांच्या बाजूंवर सरकतो. तिथल्या रक्तवाहिन्यांना आणि नसांना तो सोसत नाही. म्हणूनच जुन्या जर्मन गाड्यांच्या कडक सीटवर पाच मिनिटं बसणारा नाक मुरडतो आणि पाचशे किलोमीटर जाणारा तिचं कौतुक करतो. अर्थात कडक म्हणजे चांगली असंही नाही. चुकीच्या आकाराची कडक सीट ही चुकीच्या आकाराच्या मऊ सीटपेक्षा वाईट, कारण ती जराही जमवून घेत नाही.

आकार म्हणजे मुख्यतः कंबर. उभं असताना कमरेच्या मणक्यांना आतल्या बाजूला बाक असतो. खाली बसलं की कटी, म्हणजे ओटीपोटाभोवतीचा हाडांचा कटोरा, मागे कलंडतो आणि तो बाक सपाट होत जातो. अमेरिकेतल्या जे. जे. कीगन या डॉक्टरांनी 1953 मध्ये एक्स-रे काढून दाखवलं, की धड आणि मांडी यांच्यात सुमारे 135 अंशांचा कोन असतो तेव्हा कंबर तिच्या स्वाभाविक बाकात असते. पुढे अवकाशात, जिथे वजनच जाणवत नाही, तिथे अंतराळवीरांची शरीरं आपोआप कुठल्या ठेवणीत येतात हे नासाने स्कायलॅब या आपल्या अवकाशस्थानकावर पाहिलं, तेव्हा हा कोन साधारण 128 अंश भरला. 2013 च्या निसान अल्टिमा या गाडीची सीट याच अभ्यासावरून घडवली होती.

गाडीत हा कोन मिळणं अवघड. शिवाय पाय पुढे लांबवलेले असतात. मांडीच्या मागचे स्नायू एका टोकाला बैठकीच्या हाडाला आणि दुसऱ्या टोकाला गुडघ्याखाली चिकटलेले. पाय लांबवला की ते ताणले जातात आणि कटीला आणखी मागे ओढतात. कमरेमागे तिला अडवणारं काही नसेल तर पाठीचा कमान झालेला आकार घेऊनच आपण तासभर बसतो. स्वीडनमध्ये 1970 च्या दशकात स्वयंसेवकांच्या कमरेच्या मणक्यांमधल्या चकतीत चक्क सुई घालून दाब मोजला गेला. बॅकरेस्ट थोडा मागे कलवला आणि कमरेला आधार दिला, की हा दाब कमी होतो, हे त्यातून स्पष्ट झालं. ताठ नव्वद अंशांत बसणं म्हणजे शिस्तीत बसणं, हा आपला शाळेपासूनचा समज गाडीत तरी सोडून द्यावा.

हा कमरेचा आधार म्हणजेच लंबर सपोर्ट. तो आहे की नाही एवढं विचारून पुरत नाही, तो वर-खाली सरकतो का हे विचारावं लागतं. टू-वे लंबर फक्त फुगतो आणि ओसरतो, फोर-वे वर-खालीही जातो. ताईची उंची पाच फूट. टू-वे लंबरचा फुगवटा तिच्या कमरेच्या बाकात न येता वर, बरगड्यांच्या शेवटाशी रुतत होता. म्हणजे आधार द्यायला ठेवलेली गोष्टच तिला पुढे ढकलत होती. तिने तो पूर्ण ओसरवला तर कमरेमागे पोकळी. दोन्हीकडून अडचण.

हे कोणाच्या बेपर्वाईमुळे होतं असं नाही. सीट घडवताना एक पुतळा वापरतात. त्याला एच-पॉइंट मॅनिकिन म्हणतात. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा निराशच झालो होतो, कारण त्याला ना डोकं ना हात. पाठीचं एक कवच, बसणीचं एक कवच, पायांच्या दांड्या, आणि त्यांवर एकेक करून ठेवलेली लोखंडी वजनं, सगळं मिळून सुमारे 76 किलो. हा सरासरी अमेरिकी पुरुषाच्या देहावर बेतलेला. तो सीटमध्ये बसवून खुब्याचा बिंदू कुठे येतो ते मोजतात आणि त्या बिंदूवरून स्टेअरिंग, पेडल, आरसे, छत, सगळ्याची जागा ठरते. अर्थात कंपन्या लहान-मोठ्या देहांचाही विचार करतात, पण मधला माणूस तोच. आपल्याकडे सरासरी पुरुषाची उंची सुमारे 165 सेंमी आणि बाईची सुमारे 152. भारतीय देहाची मापं घेऊन अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने ती 1997 मध्ये प्रसिद्धही केली आहेत. पण चाकण किंवा चेन्नईत जोडली जाणारी जर्मन गाडी मुळात स्टुटगार्ट किंवा म्युनिकमध्ये घडलेली असते आणि तिची सीट जगभर जवळपास तीच जाते. म्हणून बुटक्या आणि बारीक चणीच्या माणसाने, आणि आपल्याकडच्या बहुतेक बायकांनी, सीट किती हलते आणि कुठे कुठे हलते हे जास्त बारकाईने पाहायला हवं.

इथे "8-वे", "14-वे" या आकड्यांनी भुलू नका. पुढे एक, मागे एक, अशी प्रत्येक दिशा वेगळी मोजतात. म्हणजे 8-वे म्हणजे चारच हालचाली. त्या चारांत कोणत्या आहेत ते विचारा. बसणीचा पुढचा भाग वेगळा वर-खाली होतो का, हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, आणि शोरूममध्ये तो क्वचितच कोणी विचारतं. ताईच्या मांड्या बधीर झाल्या त्या याच्यामुळे. बॉनेटच्या पुढचं दिसावं म्हणून तिने सीट वर घेतली. सीट वर गेली तशी टाचा जेमतेम टेकायला लागल्या आणि बसणीची पुढची कड गुडघ्यामागच्या मऊ भागाखाली दाबत राहिली. ती कड मुद्दामच थोडी उंच ठेवलेली असते. अपघातात माणूस पट्ट्याखालून पुढे घसरू नये म्हणून. सुरक्षेसाठी ती हवीच, पण ती खाली कलवता आली असती तर ताईचा त्रास तिथेच मिटला असता. बसणीची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांत दोन-तीन बोटं मोकळी राहायला हवीत. उंच माणसाला उलट त्रास होतो: मांडीचा पुढचा अर्धा भाग अधांतरी. त्याच्यासाठी पुढे सरकणारा मांडीचा आधार कामाचा.

आता मान. नव्या गाड्यांबद्दल मी सगळ्यात जास्त ऐकलेली तक्रार हीच, की हेडरेस्ट डोकं पुढे ढकलतो. याचं कारण अपघाताच्या शास्त्रात आहे. मागून धडक बसली की धड सीटबरोबर पुढे जातं आणि डोकं क्षणभर मागेच राहतं. मानेला तो हिसका बसतो. डोकं आणि हेडरेस्ट यांतलं अंतर जितकं कमी तितका हिसका कमी. स्वीडनच्या साब आणि व्हॉल्व्हो या कंपन्यांनी 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात यावर खास रचना आणल्या. मग अमेरिकेने नियमच कडक केला: पुढच्या सीटवर हे अंतर 55 मिलिमीटरपेक्षा जास्त नको. हा नियम 2009 पासून टप्प्याटप्प्याने लागू झाला. अमेरिकेत विकायची गाडी म्हणजे सीट तशीच हवी, आणि सीट एकच तर ती आपल्याकडेही येते.

पण मेख अशी आहे, की हे अंतर मोजतात तेव्हा पुतळ्याची पाठ साधारण 25 अंश मागे कललेली धरतात. तुम्ही त्याहून ताठ बसलात, तर सीटबरोबर हेडरेस्टही पुढे येतो आणि थेट डोक्यावर टेकतो. स्टेअरिंगपर्यंत हात पोचावा म्हणून बुटका माणूस नेमका ताठच बसतो. त्यात ताईचा अंबाडा. अंबाड्यामुळे डोकं आणखी दोन इंच पुढे, हनुवटी छातीकडे, आणि मानेमागचे स्नायू तासभर डोकं सावरत उभे. उपाय साधा आहे, पण उलट्या टोकाने करावा लागतो: आधी स्टेअरिंग शक्य तितकं आपल्याकडे ओढायचं, म्हणजे पाठ तीन-चार अंश मागे कलवायला मोकळीक मिळते. तेवढ्यानेही मानेमागे जागा होते. अंबाड्याऐवजी वेणी घातली तर आणखी. हेडरेस्ट उलटा फिरवून बसवणं किंवा काढून डिकीत टाकणं मात्र कधीही करू नका. तो मान वाचवण्यासाठी आहे.

कव्हरबद्दलही थोडं. चामडं दिसायला तुकतुकीत राहावं म्हणून ते ताणून बसवतात. फार ताणलेलं चामडं आवळलेल्या बाजेसारखं वागतं. शरीर खालच्या फोमपर्यंत पोचतच नाही, वरच्यावर झुलतं. त्यामुळे एकाच गाडीच्या साध्या व्हेरियंटची सीट वरच्या व्हेरियंटपेक्षा अंगाला जास्त बसते, असं मी अनेकदा अनुभवलंय. तसंच स्पोर्ट सीटचं. तिच्या दोन्ही बाजूंचे उंच कठडे, म्हणजे बोल्स्टर, वळणावर माणसाला धरून ठेवतात, पण रुंद मांड्यांच्या माणसाला तेच कठडे टोचतात आणि उतरताना साडीचा काठ अडकतो.

आणि हे सगळं जमलं तरी रस्ता उरतोच. बसलेल्या माणसाचं शरीर उभ्या दिशेच्या ज्या हादऱ्यांना सगळ्यात जास्त जुमानतं, ते सेकंदाला साधारण 4 ते 8 वेळा येणारे. या वेगाने धड आणि मणका स्वतःच हिंदकळायला लागतात आणि पाठीचे स्नायू त्यांना सावरत दमतात. सीटचा फोम हे हादरे गिळूही शकतो आणि वाढवूही शकतो. त्यात वरच्या व्हेरियंटला देखणी, मोठी अलॉय चाकं आणि पातळ कडेचे टायर येतात. रबराची उंची कमी म्हणजे खड्ड्याचा दणका कमी गाळला जातो. ताईंनी पाहिलेल्या एका गाडीत चाकाचा आकार एक इंचाने लहान घेतल्यावर सीटबद्दलची निम्मी तक्रार गेली. सीट तीच होती.

मागे बसणार असाल तर हिशेब थोडा वेगळा. आपल्याकडे मोठ्या गाडीचा मालक बऱ्याचदा मागे बसतो, म्हणूनच मर्सिडीजने 2017 पासून ई-क्लास भारतात लांब व्हीलबेसची, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेली, आणली, बीएमडब्ल्यूनेही पुढे 3 आणि 5 सिरीजच्या लांब गाड्या इथे विकल्या. गुडघ्यापुढे जागा वाढली. पण गुडघ्यापुढची जागा म्हणजे मांडीखालचा आधार नव्हे. इलेक्ट्रिक गाड्यांत हे विशेष तपासा. बॅटरी तळाशी असल्याने पायाखालची फरशी वर येते, सीट मात्र छतामुळे तेवढी वर नेता येत नाही. मग खुर्चीवर बसून पाय पाटावर ठेवल्यासारखे गुडघे वर येतात, मांड्यांखालचा आधार सुटतो आणि सगळा भार एकट्या बैठकीवर. घरात कोणाचे गुडघे किंवा खुबा दुखत असेल तर त्या माणसाला मागे बसवूनच गाडी ठरवा, त्यांच्या वतीने आपण बसून नाही.

मग शोरूममध्ये करायचं काय? सगळ्यात आधी मागच्या खिशातलं पाकीट काढा. त्याच्या जाडीने कटी एका बाजूला कलते आणि सीट उगीच बदनाम होते. बसणीत अगदी मागपर्यंत सरका. उंची, अंतर, बसणीचा कल, पाठ, लंबर, स्टेअरिंग, शेवटी हेडरेस्ट, या क्रमाने लावा आणि घाई करू नका. सेल्समन बोनस आणि एक्स्चेंज सांगत असेल तर त्याला नम्रपणे दहा मिनिटं थांबायला सांगा. नेहमीच्या चपला-बुटांतच जा. जो व्हेरियंट घेणार, त्याचीच आणि त्याच मापाच्या चाकांची गाडी चालवायला मागा. आणि किमान दीड तास चालवा. इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठातल्या संशोधकांनी रस्त्यावर तासन्‌तास माणसं बसवून सीटवरचा दाब मोजला होता, तरी त्या दाबाच्या आकड्यांवरून कोणाला त्रास होईल हे खात्रीने सांगता आलं नाही. यंत्राला जे सांगता आलं नाही ते तुमची पाठ सांगते, फक्त तिला वेळ द्यावा लागतो. शोरूम एवढी लांब गाडी द्यायला तयार नसेल, तर तेच मॉडेल भाड्याने मिळतं का पाहा. एका दिवसाचं भाडं गाडीच्या किमतीपुढे काहीच नाही.

ताई आणि भाऊजींनी तीन गाड्या अशा चालवल्या. जी घेतली ती सगळ्यात महाग नव्हती. तिच्यात फोर-वे लंबर होता, बसणीची पुढची कड खाली जात होती आणि स्टेअरिंग चांगलं बाहेर येत होतं. सीटची ठेवण लक्षात ठेवणाऱ्या मेमरीचं पहिलं बटण ताईचं, दुसरं भाऊजींचं. डिलिव्हरीच्या दिवशी ॲक्सेसरीजवाल्याने जाड, शिवलेली सीट कव्हरं दाखवायला आणली. मी ताईला सीटच्या बाहेरच्या कडेवरचं एअरबॅगचं छोटं लेबल दाखवलं. धडक बसली की एअरबॅग याच शिवणीतून फुटून बाहेर येते, वर जाड कव्हर असेल तर ती अडू शकते. शिवाय ज्या आकारासाठी दोन महिने फिरलो, तोच त्याखाली झाकला जाणार. ताईने कव्हरं परत केली, वेणी मानेवरून पुढे घेतली आणि पहिलं बटण दाबलं.